तुम्ही श्यामची आई नाही, सखूमावशी आहात

या वेळचं पत्र कोथरूडहून आलंय. थोडं कमी केलंय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

"नमस्कार. मी 49 वर्षांची, आईबरोबर राहते. लग्न केलं नाही, त्याचं दुःखही नाही. आई 78 ची आहे. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. चार वर्षांपूर्वी तिला डिमेन्शिया असल्याचं निदान झालं. आधी किल्ल्या हरवायच्या, मग गॅस चालू राहायचा, मग माणसांची नावं गेली. आता ती मला 'बाई' म्हणते, कामवालीला म्हणावं तशी. संध्याकाळ झाली की दारापाशी उभी राहते आणि म्हणते, मला घरी सोडा. घर म्हणजे सदाशिव पेठेतला वाडा. तो पाडून 20 वर्षं झाली.

दादा बाणेरला असतो. दर रविवारी येतो, अकरा ते साडेबारा. येताना आंबा बर्फी आणतो. आईला मधुमेह आहे. त्याला ती नावाने हाक मारते आणि तो गेला की दोन दिवस त्याचंच कौतुक चालतं, एवढ्या लांबून येतो बिचारा.

मी घरून हिशेबाची कामं करते. दुपारी आईला तिचं जुनं 'श्यामची आई' वाचून दाखवते. 30 वर्षं तिने ते वर्गात वाचलं. तेवढा तासभर ती शांत असते, एका ठिकाणी दर वेळी रडते. आणि मी वाचता वाचता मेल्याहून मेल्यासारखी होते, कारण आदल्या रात्री मी तिच्यावर ओरडलेली असते. गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा चादर बदलताना मी तिच्या हातावर चापट मारली. ती घाबरून म्हणाली, 'बाई, पुन्हा नाही करणार.'

अजून एक. माझ्याकडे एक वही आहे. रात्री किती वेळा उठले, डायपरला किती गेले, दादा किती मिनिटं थांबला, सगळं त्यात लिहिते. कुणाला दाखवलेली नाही. श्यामच्या आईने अशी वही ठेवली असती का? मग ते पुस्तक खोटं की मी खोटी? निःस्वार्थ प्रेम आणायचं कुठून?

एक लेक, कोथरूड"

ताई,

आधी चापटीबद्दल बोलते. तुम्ही ती पत्राच्या मधल्या एका ओळीत उरकलीत आणि पुस्तकाचा प्रश्न पुढे केलात, पण रात्री झोप उडवते ती चापटच.

जे झालं ते वाईट झालं. 'चालायचंच' म्हणून मी ते झटकणार नाही. तसं म्हणवून घ्यायला तुम्ही पत्र लिहिलं नसावं. मात्र त्या एका चापटीसाठी स्वतःला जन्मठेपही देऊ नका. माझ्या सासऱ्यांचं शेवटची अडीच वर्षं मी केलं. एका रात्री मी पाण्याचा तांब्या भिंतीवर फेकून मारला होता, त्यांच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. तो तांब्या अजून घरात आहे. पोचा आलेला. तुळशीला पाणी घालायला वापरते.

हात शिवशिवायला लागला की आई नीट बसल्यात, पडणार नाहीत, एवढं बघा आणि त्या खोलीतून बाहेर पडा. स्वयंपाकघरात जा, नळ सोडा, तोंडावर पाणी मारा. पाच मिनिटं चादर ओली राहिली तर काही बिघडत नाही. आणि मदत 'बघू कधीतरी' अशी नको, याच आठवड्यात हवी. ती कुठून आणायची त्याकडे येतेच, पण रस्ता पुस्तकातूनच जातो, म्हणून थोडा धीर धरा.

तुमचं पत्र आल्यावर मी माझी प्रत काढली आणि दोन रात्रींत वाचून संपवली. आपल्याकडे या पुस्तकाला वाचण्यापेक्षा नमस्कारच जास्त होतो. शाळेत धडा म्हणून भेटतं, बक्षीस म्हणून मिळतं, मग कपाटात जातं. पन्नाशीनंतर पुन्हा वाचलं की वेगळंच काही दिसतं. ही कादंबरी की आठवणी, हा वाद पंडितांवर सोडू. 42 रात्री श्याम आश्रमातल्या मित्रांना आईच्या गोष्टी सांगतो, एवढं आपल्याला पुरे.

तर, हे पुस्तक लिहिलं कोणी? साने गुरुजींनी, हे कुणीही सांगेल. पण आईच्या त्या गोष्टीत ते कोण होते, हे बघा. 1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात चार-पाच दिवसांत त्यांनी यातला बराचसा भाग लिहून काढला. तेव्हा ते 33 वर्षांचे होते आणि आईला जाऊन 15 वर्षं उलटून गेली होती. शेवटच्या घटकेला मुलगा आईपाशी नव्हता, शिक्षणासाठी लांब होता. पुस्तकातही श्याम घरी पोचतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. त्या प्रकरणाचं नावच 'भस्ममय मूर्ती' आहे.

म्हणजे ही गोष्ट ज्याला मिळालं त्याने सांगितलेली आहे, आणि तीही उशिरा पोचलेल्या मुलाने. त्यातलं प्रेम खरंच आहे, पण त्या प्रेमावर हळहळीची साय धरलेली आहे. जिने दिलं तिची बाजू तिच्या तोंडून आपल्याला कधी कळतच नाही. कर्जाच्या चिंतेत, तापाने फणफणत असताना रात्री अंथरुणावर तिच्या मनात काय चालायचं? तिने मनातल्या मनात वही ठेवली असेल का? मला वाटतं, ठेवली असेल. तिच्या मुलाला ती दिसली नाही, किंवा दिसली असूनही त्याने ती मिटून ठेवली. मुलं असंच करतात. तुमच्या दादाने उद्या आईवर लेख लिहिला तर तोही सुंदरच होईल, वाचून माणसं रडतील आणि त्यात तुमचा उल्लेख एका ओळीत असेल.

आता गोष्टीतली ती व्यक्ती, जिचं नाव तुम्ही पत्रात घेतलं नाहीत. सखूमावशी. शेवटच्या आजारात श्यामच्या आईच्या उशाशी कोण होतं? घरची माणसं होती, शेजारच्या बायका येऊन जाऊन होत्या, पण खरी उस्तवार केली ती बहिणीने. आजारी बाईचं काय काय करावं लागतं ते तुम्हाला सांगायला नको. पुस्तकात मावशीच्या वाट्याला थोडीच पानं येतात. आईच्या मांजरीचं, मथीचं नाव लोकांना चटकन आठवतं, मावशीचं आठवावं लागतं. तिच्यावर सिनेमा निघाला नाही, तिच्या नावाने निबंध स्पर्धा नाहीत.

ताई, तुम्ही स्वतःला श्यामच्या आईशेजारी उभं करून उंची मोजताय आणि कमी पडताय. तुमची जागा तिच्याशेजारी नव्हेच. तुम्ही सखूमावशी आहात. आई मुलांवर जीव लावते तेव्हा समोरून काहीतरी येत असतं: मूल हसतं, मोठं होतं, चुकतं, पाया पडतं. तुमच्या समोरचं माणूस रोज थोडं थोडं कमी होत चाललंय. ते तुमचं नावही विसरलंय. अशा माणसाची चादर रात्री तीनदा बदलायला जे लागतं, त्याला निःस्वार्थ वगैरे म्हणण्याआधी मी 'दमवणारं' म्हणेन. ते करता करता राग येणार. मावशीला आला असेल का? कुणी लिहून ठेवलेलं नाही.

आणि ज्या आईला आपण 'काहीही न मागणारी' म्हणून देव्हाऱ्यात बसवलंय, ती पहिल्याच रात्री काय करते ते पुन्हा वाचा. वटसावित्रीचं व्रत आहे, तिला हिवताप आहे, वडाला प्रदक्षिणा घालायचं अंगात त्राण नाही. ती अंथरुणातून उठून, भिंतीला धरत, पदर खोचून वडापाशी जात नाही. ती मुलाला सांगते, माझ्याऐवजी तू घाल. मुलगा लाजतो, लोक हसतील म्हणतो. ती सोडत नाही. देवाच्या कामाला लाज कसली, लाज वाटायची तर पाप करताना वाटू दे, असं सुनावते. या पुस्तकाचं दार उघडतं ते एका आजारी बाईने मदत मागण्यापासून. इतकी वर्षं आपण हे वाचतोय आणि 'त्याग, त्याग' करतोय.

पुढेही तेच. नवऱ्यावर कर्जाचा डोंगर वाढतो तेव्हा ती गप्प बसून सोसत नाही. जमीन विका, पण यातून मोकळे व्हा, असं स्पष्ट सांगते. तिचं ऐकलं जात नाही. पुढे काय होतं ते एका प्रकरणाच्या नावातच आहे, 'अब्रूचे धिंडवडे'. मुलांनाही ती कामं सांगते, चुकली की रागावते. एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडलेली असते. ती महार, म्हणून तिला हात लावायला कुणी तयार नसतं. आई श्यामला पाठवते, जा, मोळी उचलून तिच्या डोक्यावर दे. सोवळ्याओवळ्याच्या त्या काळात ते केवढं मोठं पाऊल होतं, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला या वेळी मोळीच दिसत राहिली. डोक्यावर घेतलं की म्हातारी ते ओझं मैलभर नेऊ शकते, पण जमिनीवरून उचलून डोक्यावर घ्यायला दुसऱ्याचे दोन हात लागतात. चार वर्षं तुम्ही खाली वाकून एकटीच ती उचलायला बघताय.

इथे एक आडवळण घेते, आवडत नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. साने गुरुजींनी 'दुःखी' नावाने व्हिक्टर ह्यूगोची 1862 सालची मोठी कादंबरी मराठीत आणली. त्यातला चांदीच्या भांड्यांचा प्रसंग तुम्ही ऐकला असेल. सुटलेला कैदी बिशपच्या घरी आसरा घेतो, रात्री चांदी चोरून पळतो, पकडला जातो आणि बिशप शिपायांना सांगतो की ती मीच त्याला दिली होती. वर मेणबत्त्यांचे चांदीचे दोन स्टँडही देतो. त्या क्षणाने एका माणसाचा जन्म पालटतो. प्रेमाची, निःस्वार्थपणाची ताकद म्हणून जगभर हाच प्रसंग सांगतात आणि तो आहेच तसा. पण त्या घरात एक म्हातारी कामवाली आहे. चांदी गेल्याचं सकाळी तिलाच कळतं आणि आता जेवायचं कशात, असं ती विचारते. बिशप म्हणतो, कथिलाची आण. त्याला वास येतो. मग लोखंडाची. त्याला चव लागते. मग लाकडाची! तो थोर माणूस आहे, मला मान्य आहे. फक्त ती लाकडाची भांडी रोज कोण घासणार होतं, हा प्रश्न मला कोथरूडहून आलेल्या पत्रामुळे पडला. थोरवी एका दमात करता येते. भांडी रोज घासावी लागतात.

असो. वहीकडे येते.

'अळणी भाजी' हे प्रकरण तुम्ही आईंना वाचून दाखवलं असेलच. कामाच्या गडबडीत आई रताळ्याच्या पाल्याच्या भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात, त्यांचं बघून श्यामही गप्प खातो. शेवटी आई स्वतः पानावर बसते तेव्हा तिला कळतं आणि ती हळहळते. करणारीच्या मनाला लागू नये म्हणून गप्प राहणं, असा त्याचा धडा शाळेत शिकवतात. बरोबरच आहे. पण ते गप्प राहणं एका जेवणापुरतं होतं, ताई. त्याच दिवशी आईला कळलं, बोलणं झालं, विषय मिटला. तुम्ही चार वर्षं अळणी खाताय आणि वाढणाऱ्याला पत्ताच नाही. दादाला वाटतंय की मीठ बरोबर पडलंय. रविवारी अकराला यायचं, बर्फी द्यायची, आईच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं, साडेबाराला निघायचं. त्याच्या बाजूने बघितलं तर सगळं सुरळीत चाललंय. तो दुष्ट आहे असं तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही. तो आरामात आहे, आणि तो आराम काही अंशी तुम्ही त्याला पुरवलाय.

प्रेमात हिशेब नसतो, हे वाक्य मला कधी फारसं पटलं नाही. ते बहुतेक वेळा ज्याच्याकडून येणं बाकी असतं तोच म्हणतो. तुमची वही पाप नाही. ती लपवून ठेवलीये म्हणून तिला वास मारायला लागलाय. हिशेबाचं काम करणारी बाई तुम्ही. ज्याचा हिशेब आहे त्याच्यासमोर वही ठेवायची असते, हे मी तुम्हाला काय सांगणार?

दादाला भेटा, पण रविवारी आईसमोर नको आणि फोनवर तर मुळीच नको. एक दिवस शेजारणीला किंवा ओळखीच्या बाईला तीन तास आईंजवळ बसवा आणि त्याला डेक्कनला कॉफीला बोलवा. वनाजवरून किंवा आनंदनगरवरून मेट्रो धरलीत तर गाडी लावायचीही कटकट नाही. वहीतली एखाद्या साध्या महिन्याची पानं त्याच्यासमोर ठेवा. सगळ्यात वाईट महिन्याची नकोत, नाहीतर 'तो महिना वेगळा होता' असं म्हणायला तो मोकळा. 'तो किती मिनिटं थांबला' हा रकाना मात्र आधी झाकून टाका. तो खरा असेल, पण त्याच्यावर नजर गेली की पुढचा तास वेळेच्या वादात जाईल आणि रात्रींचा विषय तसाच राहील.

मग मागा. 'थोडी मदत कर' असं म्हणू नका, ते कुणालाच ऐकू येत नाही. शनिवारी संध्याकाळी पाचला यायचं आणि रविवारी दुपारी जायचं, दर आठवड्याला. मुक्कामाला. पाच अशासाठी की आई 'घरी सोडा' म्हणत दारापाशी उभ्या राहतात तेव्हा तो हजर हवा. सकाळी अकराची आई त्याला माहीत आहे, संध्याकाळी सातची आणि पहाटे तीनची माहीत नाही. आणि उरलेल्या रात्रींसाठी रुग्णसेवेच्या ब्युरोतून बाई लावायची, तिचा निम्मा खर्च त्याचा. आईंना पेन्शन असेल तर आधी ती धरा आणि वर जे लागेल ते निम्मं-निम्मं. तो म्हणेल, 'मी हिला पाठवतो शनिवारी.' तिथे अडा. वहिनींना स्वतःहून यायचं असेल तर दार उघडंच आहे, पण एका बाईचं ओझं दुसऱ्या बाईच्या डोक्यावर देण्याला वाटणी म्हणत नाहीत.

ज्येष्ठ नागरिकांसाठी 2007 चा जो कायदा आहे, त्यात आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर सारखीच टाकलेली आहे. हे दादाच्या तोंडावर फेकायला सांगत नाहीये. कॉफीच्या टेबलावर कायदा काढला की नातं उठून जातं. तुम्हाला माहीत असावं एवढ्यासाठी सांगितलं, म्हणजे मागताना आवाज खाली जाणार नाही. तुम्ही भीक मागत नाही आहात.

'श्यामची आई'त श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी नवा कोट शिवून घेतो, ते आठवतंय? दादा थोरला असेल तर त्याने लहानपणी तुमच्यासाठीही काहीतरी केलं असेलच, पतंगाचा मांजा, सायकलचा धक्का, काहीतरी. कॉफीच्या सुरुवातीला त्याची आठवण काढली तर बिघडणार नाही. गोड बोलून काम काढा असं नाही, पण समोर बसलेला माणूस बाणेरचा पाहुणा नसून तुमच्या वाड्यातला भाऊ आहे, हे दोघांनाही आठवलेलं बरं.

आणखी एक, थोडं टोचणारं. दादा शनिवारी राहायला तयार झाला की तुमच्याच तोंडून निघेल, 'पण आईला माझ्याशिवाय जमत नाही. त्याला डायपर नीट बांधता येणार नाही. तो औषधं चुकवेल.' मीही हेच म्हणायचे. सासऱ्यांना माझ्याच हातचा भात लागतो, असं मी चारचौघांत सांगायचे आणि त्यात तक्रारीपेक्षा मिरवणं जास्त असायचं. सगळं आपल्यावाचून अडतं, या जाणिवेला फार गोड चव असते. डायपर वाकडा बांधला जाईल. जाऊ दे. औषधांच्या डबीवर वार लिहून ठेवा आणि घराबाहेर पडा, नाहीतर तुम्ही दारामागे उभ्या राहून त्याला सूचना देत बसाल.

आईंच्या संध्याकाळीबद्दल. दिवस मावळताना गोंधळ वाढणं हे या आजारात नेहमीचं आहे. अंधार पडायच्या आधीच घरातले सगळे दिवे लावा, सावल्या कमी करा. 'वाडा पाडला, तो आता नाही' हे सांगून उपयोग नाही. त्यांना ती बातमी रोज नव्याने बसते. म्हणा, हो, जाऊ या, चपला घाला. खाली सोसायटीच्या फाटकापर्यंत जा, एक चक्कर मारा, वाड्यात चौकात काय होतं, कुणाच्या खोलीबाहेर कोण बसायचं, ते विचारा आणि परत वर या. पुष्कळदा 'घर' तेवढ्याने भेटतं. आणि जर कधी दोन-चार दिवसांतच गोंधळ एकदम वाढला, तर तो आजार पुढे गेला असं धरून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. या वयात लघवीच्या जंतुसंसर्गानेही असं होतं आणि ते औषधाने उतरतं. बर्फीचा विषय दादाकडे काढा, पण बर्फीसाठी भांडू नका. त्याला सांगा, त्याऐवजी पेरू आण, आईंना चालतात का ते डॉक्टरांना विचारून.

'बाई' हा शब्द मला पत्र वाचल्यापासून सोडत नाहीये. तुम्ही लिहिलंत, कामवालीला म्हणावं तशी. ताई, तुमच्या आईने 30 वर्षं महापालिकेच्या शाळेत काढली. तिथे 'बाई' कुणाला म्हणतात? मोठ्या बाई, वर्गाच्या बाई, आमच्या बाई. त्यांच्या उभ्या आयुष्यात त्यांना याच हाकेने मान मिळाला. आता नावं निघून गेल्यावर समोर जी रोज दिसते, जी हात धरते, वाचून दाखवते, चुकलं की रागावते, तिला त्या काय म्हणणार? त्यांच्या मनातलं मला ठामपणे सांगता येणार नाही. पण 'बाई, पुन्हा नाही करणार' हे वाक्य मी बाकावर बसलेल्या पोरीच्या तोंडून ऐकते, मालकिणीच्या नाही. त्या रात्री तुमच्या हातून चूक झाली ती कामवालीची नव्हती, बाईंची होती. आणि वर्गात दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा येतात, हजेरी घेतात, पुस्तक उघडतात. तुम्हीही दुपारी तेच केलंत.

साने गुरुजी याच पुण्यात, नूतन मराठी विद्यालयात शिकले. अप्पा बळवंत चौकातून जाताना तुम्ही त्या शाळेवरून कितीदा गेल्या असाल. पहिल्या मोकळ्या शनिवारी काय करायचं हे सुचणार नाही, असं माझा अनुभव सांगतो. चार वर्षं जिला पाच मिनिटं मिळाली नाहीत तिला 19-20 तास मिळाले की ती घाबरते. तेव्हा चौकात जा, पुस्तकांच्या दुकानांतून उगाच फिरा, स्वतःसाठी काहीतरी घ्या, ज्यात कुणीही त्याग करत नाही असं. रहस्यकथा चालेल. मैत्रिणीकडे झोपायला जा. फोन बंद नको, पण पर्सच्या तळाशी ठेवा.

आणि त्या दिवसाचं वाचन दादाकडे द्या. शिक्षिकेचा मुलगा आहे, वाचता येत असेलच. तुम्ही लिहिलंत की आई एका ठिकाणी दर वेळी रडतात, पण कुठे ते लिहिलं नाहीत. त्याला तेवढंच शोधून काढायला सांगा, आणि कळलं की मला कळवा.